निळ्या लाइटमध्ये सगळं भारी दिसणारा टँक: एका घरगुती रीफचं प्रकरण

ही केस एका मित्राच्या रीफ टँकची, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या, जिवंत कोरल (प्रवाळ) वाढवायच्या काचेच्या टाकीची. टँक त्याचा, कॅमेरा माझा, एवढीच वाटणी. सुरुवात फोटोवरून झाली, त्याला भिंतीवर लावायला अख्ख्या टँकचा मोठा प्रिंट हवा होता आणि नमुना म्हणून त्याने मोबाइलवर काढलेले बरेच फोटो पाठवले होते, सगळे रात्रीच्या निळ्या लाइटमधले, पाणी जांभळट आणि त्यात कोरलचे हिरवे केशरी पॉलिप्स (फुलासारखे छोटे जीव) नुसते पेटलेले. दिसायला एक नंबर. फक्त त्यावरून कोरल तब्येतीत आहे का हे काहीच कळत नव्हतं, आणि पुढे जे निघालं ते बघता म्हणावं लागेल की फोटो जेवढे भारी येत होते तेवढी टँकची हालत बिघडत होती. अतिशयोक्ती वाटेल, पण त्याला पक्कं कारण आहे, खाली येतंच.

आधी टँक कसा उभा केला ते, कारण दुखणं बांधणीपासूनच चालू झालेलं. ९० बाय ५० बाय ५० सेंटिमीटरची काच, म्हणजे २२५ लिटर, खाली सम्प म्हणजे फिल्टरची दुसरी टाकी, त्यात टँकच्या मानाने मोठा स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र), एका कप्प्यात कीटोमॉर्फा म्हणजे ती हिरव्या तारांच्या गुंत्यासारखी अल्गी, आणि शिवाय फॉस्फेट शोषणाऱ्या जीएफओचा (आयर्न ऑक्साइडच्या दाण्यांचा) रिअ‍ॅक्टर. दोन वेवमेकर (पाणी खेळतं ठेवणारे पंप), एलईडी, हीटर, बाष्पीभवनाचं पाणी भरणारं ऑटो टॉपअप. पाणी आरओडीआयचं म्हणजे गाळून क्षार काढलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य, मीठ घातल्यावर खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), तो मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्याच स्टँडर्ड सोल्यूशनने कॅलिब्रेट केलेला (साध्या पाण्याने शून्यावर लावून निर्धास्त राहणारे खूप आहेत, तसं नको). तापमान २५-२६. या सगळ्यात खोट काढायला जागा नव्हती, माणूस शिस्तीचा.

दगड मात्र सगळा ड्राय रॉक. समुद्रातून ओला आलेला लाइव्ह रॉक घेतला की सोबत नको ते खेकडे, अ‍ॅप्टेशिया, (उपद्रवी अ‍ॅनिमोन), चपटे किडे येतात, म्हणून आजकाल बरेच जण कोरडा दगड घेतात आणि त्यात चूक काही नाही, पण मग त्याच्यासोबत येणारी जिवांची गर्दीही येत नाही, बाटलीतले नायट्रिफाइंग (अमोनियाचं नायट्रेट करणारे) बॅक्टेरिया तेवढे टाकले जातात, अमोनिया आणि नायट्राइट शून्य आलं की सायकल झाली, म्हणजे टँक तयार झाला म्हणतात आणि दगडावरची बाकीची जागा मोकळीच राहते. ती कोण बळकावणार हे नशिबावर. दुसरं म्हणजे कोरडा अ‍ॅरागोनाइट दगड सुरुवातीचे काही महिने पाण्यातलं फॉस्फेट ओढून घेत राहतो. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

फोटोच्या दृष्टीने बांधणी चांगली होती हेही सांगायला हवं. समोरची काच लो-आयर्न, साध्या काचेची हिरवट झाक नाही. दगडाची दोन बेटं, मधे मोकळी जागा, आणि समोरच्या काचेपासून दहाएक सेंटिमीटर अंतर सोडलेलं, त्यामुळे काच घासायचा मॅग्नेट आरामात फिरतो आणि लेन्सला आत शिरायला खोली मिळते. नवीन टँक लावणाऱ्यांना माझा आग्रह असतो की दगड काचेला चिकटवू नका, भिंत रचल्यासारखा तर अजिबात रचू नका, मागची काच साधी काळी ठेवा. फोटोत खोली दिसते ती मोकळ्या जागेमुळे, दगडामुळे नाही.

मासे थोडे: क्लाउनची जोडी, एक रॉयल ग्रामा, एक गोबी आणि त्याच्या बिळात राहणारी पिस्टल श्रिंप. कोरलमध्ये झोअँथिड, डिस्कोसोमा मश्रूम, डंकन, हॅमर, मोन्टीपोराची एक प्लेट आणि अ‍ॅक्रोपोराचे दोन छोटे फ्रॅग, सगळे टँकमध्येच वाढवलेल्या कॉलनीचे तुकडे. इथे एक गोष्ट: दगडी कोरल म्हणजे स्क्लेरॅक्टिनिया सगळे साइटिसच्या (धोक्यातल्या जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि काही देशांत ते घरी ठेवणंच बेकायदा आहे, त्यामुळे आपापल्या देशाचा कायदा टँक घ्यायच्या आधी वाचा, नंतर नाही. आणि झोअँथिड हाताळताना ग्लव्ह्ज आणि चष्मा लागतोच, त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, ते चिकटलेला दगड उकळायचा किंवा कोरडा घासायचा तर विचारही करू नका.

आता मूळ मुद्दा. मी त्याला म्हटलं, "अरे, पांढरा लाइट लावून एक फोटो पाठव ना." तो म्हणाला, "पांढऱ्यात मजा नाही येत रे, सगळं फिकं दिसतं." मला तेच बघायचं होतं.

निळ्या लाइटमध्ये आपण जे बघतो तो कोरलचा परावर्तित रंग नसतोच मुळी. साधारण ४२० ते ४६० नॅनोमीटरचा प्रकाश पडतो, कोरलच्या पेशीतली जीएफपीसारखी (ग्रीन फ्लुओरेसंट प्रोटीन) प्रोटीन्स तो शोषतात आणि हिरवा, केशरी, लाल असा लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. जीएफपी मुळात जेलीफिशमधलं, ओसामु शिमोमुरांनी १९६२ मध्ये वेगळं काढलेलं, त्यावर २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. स्वतःचा प्रकाश तयार न करणाऱ्या कोरलमध्ये तसलीच प्रोटीन्स असल्याचं १९९९ मध्ये छापून आलं आणि त्यातलं लाल प्रोटीन डिस्कोसोमाचं, म्हणजे आपल्या टँकमधल्या मश्रूमच्या भाऊबंदाचं. कोरलचा खरा तपकिरी रंग येतो तो आत राहणाऱ्या झूझँथेलीचा, जी अल्गी त्याला प्रकाशातून अन्न करून देते. ती कमी झाली की तपकिरीचा पडदा हटतो, कोरलच्या आत जास्त प्रकाश खेळतो आणि काही कोरल उलट जास्तच चमकणारी प्रोटीन्स बनवायला लागतात. २०२० मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या गटाने रंगीत ब्लीचिंगचं (ब्लीचिंग म्हणजे झूझँथेली गमावून कोरल फिकं पडणं) हेच स्पष्टीकरण मांडलं होतं. म्हणजे कोरल उपाशी पडत असतानाच निळ्या लाइटमध्ये जास्त झकास दिसू शकतं. मित्राचे फोटो आठवड्यागणिक भारी होत चालले होते त्यातला काही भाग हाच.

वर मोबाइल आपली भर घालतो. सेन्सरवर चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा असतो, रॉयल ब्लू एलईडीखाली तो एकटा निळा चॅनेल भरून वाहतो, बाकीचे दोन जवळजवळ रिकामे, आणि ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्याने रंग जुळवणं) मग अंदाजाने काहीतरी रंग भरतो. त्यात तपकिरी डाग, फिका पडलेला कडा, वाळूवरचा थर, सगळं निळ्यात बुडून जातं.

तर पांढऱ्यात मी स्वतः जाऊन फोटो काढले. पद्धत जरा सविस्तर सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर चाललं. ट्रायपॉडचे पाय कुठे ठेवायचे तिथे जमिनीवर टेप, लेन्स तीच, कॅमेरा काचेला अगदी काटकोनात. तिरकं धरलं तर पाणी आणि काच यांचा अपवर्तनांक हवेपेक्षा वेगळा असल्याने (पाणी १.३३, काच साधारण १.५) कडांना रंगाची झालर येते आणि फोकस कितीही नीट केला तरी चित्र फिसकटतं, महागडी लेन्स असली तरी. काच आतून बाहेरून साफ, खोलीतले दिवे बंद, कॅमेऱ्याच्या मागे काळं कापड. वेवमेकर आणि रिटर्न पंप पाच मिनिटं बंद, कण खाली बसले की क्लिक. एलईडीचा एक ठरावीक प्रोग्रॅम फक्त फोटोसाठी, पांढरा वर, निळा खाली, दर वेळी तोच. एफ ८, १/१२५, आयएसओ ८००, सगळं मॅन्युअल आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल). मेकॅनिकल शटर, कारण एलईडी डिम करताना बारीक लुकलुकतात आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर पट्टे उमटतात.

व्हाइट बॅलन्ससाठी पाण्यात, कोरलच्याच उंचीवर, टेफ्लॉनचा पांढरा तुकडा धरला. कागद चालत नाही, त्यात ऑप्टिकल ब्राइटनर असतात, जांभळ्या एलईडीखाली कागद स्वतःच निळा चमकतो आणि सगळा हिशोब चुकतो. आणि केल्विनचा (प्रकाशाच्या रंगछटेचा) आकडा कॅमेऱ्यात शोधत बसू नका, बऱ्याच कॅमेऱ्यांत तो १०,००० ला संपतो, रॉ फाइल कॉम्प्युटरवर उघडली की पुढे जाता येतं. टेफ्लॉनच्या शेजारी क्वीन्सलंड विद्यापीठाच्या कोरलवॉचचं हेल्थ कार्ड धरलं, रंगाच्या गडदपणाच्या १ ते ६ पायऱ्या असलेलं. ते मुळात समुद्रात दिवसाच्या उजेडात वापरायचं, त्यामुळे आमचा आकडा जगाशी ताडायला उपयोगाचा नाही, पण त्याच टँकच्या मागच्या आठवड्याशी ताडायला झकास.

फोटो उघडले आणि मित्र गप्प झाला. मोन्टीपोरा कार्डावर २ च्या आसपास, हॅमरची टोकं ठीक पण देठाकडचं मांस जवळजवळ पारदर्शक, एका अ‍ॅक्रोपोराची टोकं जळल्यासारखी पांढरी. वाळूवर तपकिरी शेंबडासारखा थर, त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले. तो याला डायटम (एक तपकिरी सूक्ष्म अल्गी) समजत होता, नवीन टँकमध्ये येतात आणि जातात म्हणून. पण गोगलगायी मरत होत्या, ट्रोकस जातीची गोगलगाय उलटी पडली तरी एरवी स्वतः सरळ होते, इथे होत नव्हत्या. डायटमने असं होत नाही.

मग एक साधं काम केलं, त्याच जागेवरून सकाळी लाइट लागताना एक फोटो, दुपारी एक आणि संध्याकाळी लाइट जायच्या आधी एक. सकाळी वाळू जवळपास स्वच्छ, दुपारी पुसट, संध्याकाळी तपकिरी गालिचा. म्हणजे हे जे काही आहे ते रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतं. शाळेतल्यासारखा मायक्रोस्कोप, मोबाइल आयपीसला लावून ४०० पट: बदामाच्या आकाराच्या पेशी, एका टोकाला बांधल्यासारख्या जागच्या जागी गरगरणाऱ्या. ऑस्ट्रिऑप्सिस, डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) या पोहणाऱ्या सूक्ष्म जिवांचा एक प्रकार, पॅलिटॉक्सिनच्या कुळातलं विष तयार करणारा, गोगलगायी त्यामुळेच. गंमत बघा, कोरलच्या आत बसून त्याला जगवणारी झूझँथेलीही डायनोफ्लॅजेलेटच, घर एकच आणि वागणं हे असं.

टेस्टचे आकडे: नायट्रेट ०, फॉस्फेट ०, अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) १०.५ डीकेएच, कॅल्शियम ४४०, मॅग्नेशियम १३५०. मित्राला शून्य शून्यचा अभिमान होता. मोठा स्किमर, कीटो, जीएफओ, त्यात फॉस्फेट पिणारा नवा दगड, मोजके मासे आणि चिमूटभर खाणं, आणि वर दर आठवड्याला पाणी बदल. एवढ्या झाडूंनी घासल्यावर पाण्यात काही उरलंच नाही. हिरवी अल्गी, बॅक्टेरिया, कोरल सगळे उपाशी, आणि ऑस्ट्रिऑप्सिससारखे डायनो प्रकाशावरही जगतात आणि जमलं तर दुसऱ्या सूक्ष्म जिवांनाही गिळतात, त्यांना मोकळं रान. पाणी इतकं गरीब असताना अल्कलिनिटी १०.५ वर ठेवली की अ‍ॅक्रोपोराची टोकं जळतात, हेही रीफवाल्यांचं नेहमीचं निरीक्षण.

उपाय म्हणून आधी घासणं थांबवलं. जीएफओ बाहेर, कीटोचा लाइट दिवसातून थोडाच वेळ, स्किमर फक्त रात्री, पाणी बदल बंद, माशांना दुप्पट खाणं. गोगलगायींसाठी विष ओढायला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन. अल्कलिनिटीचा डोस कमी करत हळूहळू ८ वर, कारण झटका दिला तर अ‍ॅक्रोपोरा तसाही जातो. आणि यूव्ही (पाण्यातले सूक्ष्म जीव अतिनील प्रकाशाने मारणारा दिवा), साधारण १० लिटरमागे १ वॅट या हिशोबाने, सम्पमध्ये नाही तर सरळ डिस्प्लेतून म्हणजे वरच्या मुख्य टँकमधून पाणी ओढून डिस्प्लेत सोडणारा. इथे जात ओळखण्याचा फायदा दिसतो, ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात येतो म्हणून यूव्हीत सापडतो. अ‍ॅम्फिडिनियम हा दुसरा डायनो असता तर तो वाळूतच दडून बसतो, यूव्ही लावून हात चोळत बसावं लागलं असतं. आधी मायक्रोस्कोप, मग खरेदी.

पण केस इथे सरळ सुटली नाही. मित्राने सोडियम नायट्रेटचा डोस सुरू केला, दोनेक आठवड्यांत नायट्रेट ८ वर आलं, तो खूश. फॉस्फेट मात्र शून्यच, दगड सगळं गिळत होता. वाळू थोडी सुधारली, आणि त्याच दरम्यानच्या फोटोंत मोन्टीपोरा अजून फिका, कार्डावर १ कडे झुकलेला, हॅमर आक्रसलेला. डोळ्यांनी रोज बघणाऱ्याला हे कळलं नव्हतं, त्याचं म्हणणं "सुधारतंय रे", दोन रॉ फाइल शेजारी ठेवल्यावर वाद मिटला. हे होतं का, तर होतं: नायट्रेट आहे आणि फॉस्फेट नाही ही अवस्था कोरलसाठी दोन्ही कमी असण्यापेक्षाही वाईट ठरू शकते. झूझँथेली नायट्रोजनवर वाढायला बघते, फॉस्फरस नसल्याने तिचं आतलं काम बिघडतं, आणि मग कोरल उष्णता आणि प्रकाशाला लवकर बळी पडतं. साउदॅम्प्टनच्याच गटाचा २०१३ चा पेपर याच असंतुलनावर आहे.

मग नायट्रेटचा डोस थांबवून फॉस्फेटचा सुरू केला. पहिले काही दिवस सकाळी टाकलं की संध्याकाळी टेस्टमध्ये गायब. मित्र घाबरून म्हणाला, "एवढं फॉस्फेट कुठे चाललंय?" दगडात चाललंय, त्याचं पोट भरेपर्यंत जाणार, टाकत राहा, रोज मोजून. हळूहळू ०.०३ टिकायला लागलं, मग ०.०६. लाइटचं पांढरं चॅनेलही उतरवलं, फिक्या कोरलला भरपूर प्रकाश म्हणजे अजून त्रास. फक्त फोटोपुरती ती पाच मिनिटं जुना प्रोग्रॅम, कारण तो बदलला तर तुलनाच संपली.

तीन दिवस पूर्ण अंधार करायचा सल्ला बरेच जण देतात. आम्ही केला नाही. यूव्ही चालू असताना अंधाराने डायनो पाण्यात येतात हे खरं, पण अंगात काही शिल्लक नसलेल्या कोरलला तीन दिवस उपाशी ठेवणं मला पटलं नाही, उशीर झाला तरी चालेल. यावर मतभेद होतील, होऊ देत.

पुढचा टप्पा असा की काचेवर आणि दगडावर हिरवी झिलई आली आणि मित्राचा फोन, "आता हे काय नवीन?" ही आनंदाची बातमी होती, रिकामी जागा कोणीतरी दुसऱ्याने घेतली. संध्याकाळच्या फोटोतला तपकिरी गालिचा आधी कोपऱ्यात गेला, मग दिसेनासा झाला. नव्या ट्रोकस टाकल्या, त्या टिकल्या. टोकं जळलेला अ‍ॅक्रोपोरा बुडापासून सोलत गेला आणि गेलाच, त्याचं वरचं टोक तोडून वेगळं चिकटवलं तेही वाचलं नाही. दुसरा राहिला. मोन्टीपोरा काही महिन्यांत कार्डावर ४ वर आली, कडेला वाढीची पांढरी बारीक रेघ दिसायला लागली. ही पांढरी रेघ आणि ब्लीचिंगचं पांढरं यांत लोक गल्लत करतात. वाढीची रेघ फक्त कडेलाच आणि एकसारखी असते, आणि पुढच्या फोटोत ती पुढे सरकलेली दिसते.

प्रिंट शेवटी झाला. पूर्ण टँकचा फोटो पांढऱ्याकडे झुकलेल्या मिश्र लाइटवर, निळ्या चॅनेलचा हिस्टोग्रॅम (उजेडाचा आलेख) वेगळा बघून तो उजवीकडे आपटणार नाही इतकं एक्सपोजर खाली, सावल्या नंतर उचलल्या. माशांसाठी १/२०० च्या पुढे जावं लागतं, आयएसओ वाढतो, वाढू दे, दाणेदार क्लाउन चालेल, फराटा उमटलेला नाही. झोअँथिड आणि डंकनचे जवळचे फोटो १०० एमएम मॅक्रोने, एफ ११, पंप बंद; पण पंप बंद ठेवून फार वेळ थांबलं की काही पॉलिप्स आत ओढतात, तेव्हा आधी फ्रेम लावून मग पंप बंद करायचा. वरून काढलेले फोटो मला सगळ्यात आवडले, काच मधे नाही, आणि मोन्टीपोराची प्लेट वरूनच बघायची चीज आहे. पाण्याचा पृष्ठभाग हलला तर मात्र सगळं मुसळ केरात.

निळ्या लाइटचा एक फोटोही त्याला हवाच होता. मग लेन्ससमोर पिवळा फिल्टर, निळा प्रकाश अडतो आणि फक्त कोरलने सोडलेला उजेड कॅमेऱ्यात जातो, जे डोळ्याला दिसतं त्याच्या बरंच जवळ. स्क्रीनवर जबरदस्त. प्रिंट करताना अडचण अशी की छपाईच्या शाईत ते झगझगीत हिरवं आणि रॉयल ब्लू बसतच नाही, निळा जांभळट मळकट होतो आणि निऑनचा पोपटी होतो. सॉफ्ट प्रूफ (छपाई कशी येईल याचा स्क्रीनवरचा नमुना) दाखवल्यावर त्याने भिंतीसाठी पांढरा निवडला, निळा फोनच्या स्क्रीनवर.

सध्या नायट्रेट ५ ते ८, फॉस्फेट ०.०५ च्या आसपास. फॉस्फेटचा डोस बंद केला तर ते अजूनही खाली घसरतं म्हणून एक दिवसाआड थोडा चालूच आहे. यूव्ही काढायचा की ठेवायचा यावर आमचं एकमत नाही, तो ठेवू म्हणतो, मला वाटतं आता रात्रीपुरता पुरे. आणि मोन्टीपोरा इतकी पसरली की खालच्या मश्रूमवर सावली पडायला लागली आहे, तेव्हा तिला कापून फ्रॅग करायचे आहेत, त्याआधीचा एक फोटो मात्र टेपच्या खुणेवरून काढून ठेवलाय.